यंत्रातील यंत्र मंद का होते?

आमच्या शाळेच्या वार्षिक अंकांचे जुने खंड ज्या कपाटात ठेवलेले असत, ते ग्रंथालयाच्या पश्चिमेकडील भिंतीस लागून होते. एका पावसाळ्यात ती भिंत पाझरली, मागाहून वाळवी लागली आणि २००३ ते २०११ या नऊ वर्षांचे अंक आम्हांस अक्षरशः टोपलीत भरून बाहेर टाकावे लागले. त्या अंकांत काय होते हे आजच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असण्याचे कारण नाही. त्या काळचे मुख्याध्यापक, जे आज हयात नाहीत, दर वर्षी नववीच्या मुलांस गावातील वृद्धांकडे धाडीत आणि खाजन शेतीची माहिती लिहून आणवीत. बांध कोणी व कसा घातला, मानशीची दारे भरतीच्या पाण्याने आपोआप कशी मिटतात, खाऱ्या मातीत कोरगुट भात कसे तग धरते, हे सारे सांगणाऱ्यांच्याच शब्दांत त्या पानांवर होते. सांगणारी बहुतेक माणसे गेली. छापील अंकही गेले. उरल्या त्या छपाईसाठी तयार केलेल्या मजकुराच्या दोन सीडी.

या सीडींवरील पाने आजच्या संगणकावर उघडली तर मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. कारण ती युनिकोडमध्ये नसून एका जुन्या फॉन्टच्या खास जुळणीत आहेत. ती नीट उघडणारे अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर आमच्याजवळ आहे. पण ते चालते विंडोज एक्सपीवर, आणि आमच्या संगणक कक्षातील संगणकावर आहे विंडोज ११. दहावीतील एका विद्यार्थ्याने यावर तोड काढली. त्याने नव्या संगणकाच्या पोटात एक ‘व्हर्च्युअल मशीन’, म्हणजे आभासी यंत्र, उभे केले आणि त्यात एक्सपी बसविले. पाने उघडली, अक्षरे दिसली, आम्हां सर्वांस हर्ष झाला. परंतु एक पान उघडावयास चार मिनिटे लागत. नऊ अंकांची मिळून पाने सुमारे आठशे. म्हणजे नुसत्या वाट पाहण्यातच त्रेपन्न तास जावयाचे! मुले दोन आठवडे उत्साहाने बसली, तिसऱ्या आठवड्यात एकेक गळू लागली. ते काम तेथेच थांबले असते तर ती पाने पुन्हा कोणी उघडली असती असे आम्हांस वाटत नाही. म्हणून हे आभासी यंत्र मंद का होते आणि तो मंदपणा कोठे शोधावा, हे आम्ही कला शाखेचे पदवीधर असूनही शिकलो. जे शिकलो ते येथे सांगतो.

आभासी यंत्र म्हणजे प्रत्यक्षात एक सॉफ्टवेअरच होय. ते आत बसविलेल्या विंडोजला असे भासविते की, हा प्रोसेसर तुझा, ही मेमरी तुझी, ही हार्ड डिस्क तुझी. वस्तुतः यांतले काहीच त्याचे नसते. सारे बाहेरच्या खऱ्या संगणकाकडून वाटून घेतलेले असते. बाहेरच्या संगणकास यजमान आणि आतल्यास पाहुणा म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या घरच्या कोंकणीत पाहुण्यास ‘सोयरो’ म्हणतात, आणि चवथीच्या दिवसांत मूळ घरी तीस-चाळीस सोयरी जमली म्हणजे एक विहीर, एक चूल आणि एक न्हाणीघर यांचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्यास पुढील विवेचन अवघड वाटू नये.

ही कल्पना नवी नव्हे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात एका मोठ्या संगणकाचे अनेक आभासी संगणक करून प्रत्येकास आपला स्वतंत्र संगणक असल्याचा भास घडविण्यात आला, आणि १९७२ साली त्या कंपनीने व्हीएम/३७० या नावाने ही सोय सर्व ग्राहकांस उपलब्ध करून दिली. आपल्या टेबलावरील लहान संगणकांच्या प्रोसेसरांची घडण मात्र या कामास अनुकूल नव्हती. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने बरीच युक्ती लढवून ते त्यांवरही साध्य केले, आणि २००५-०६ च्या सुमारास इंटेल व एएमडी या कंपन्यांनी प्रोसेसरमध्येच त्याची सोय केली. या सोयीचा उल्लेख पुढे एकदा यावयाचा आहे; तो लक्षात ठेवावा.

आता आमची पहिली चूक. मंदपणा दिसत होता तो पाहुण्याच्या पडद्यावर. म्हणून आम्ही पाहुण्यासच दोषी धरले. एक संपूर्ण शनिवार आम्ही एक्सपीतील नको असलेले फॉन्ट काढण्यात, टाकाऊ फायली पुसण्यात आणि पडद्यावरील शोभेची चित्रे घालविण्यात खर्च केला. फरक पडला नाही. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे फरक पडला नाही हेदेखील आम्हांस खात्रीने सांगता येईना, कारण आधी किती वेळ लागत होता तो कोणी मोजलाच नव्हता. ‘चार मिनिटे’ हा आमचा अंदाज होता.

सोमवारी आम्ही एक वही केली. २००५ च्या अंकातील एकच ठरावीक पान उघडावयाचे, भिंतीवरील घड्याळाने वेळ मोजावयाचा, तीनदा मोजून मधला आकडा लिहावयाचा. एका वेळी एकच बदल करावयाचा आणि पुन्हा मोजावयाचे. भिंतीवरचे घड्याळ म्हणण्यास कारण आहे. पाहुण्याच्या आतले मोजमाप अशा वेळी फसवे ठरू शकते. यजमानाने त्यास प्रोसेसर दिलाच नाही, तर तेवढा वेळ आपण थांबून होतो हे पाहुण्यास उमगत नाही. झोपेत गेलेला वेळ झोपलेल्यास मोजता येत नाही, तसेच ते. वहीतील पहिली नोंद निघाली ४ मिनिटे १० सेकंद.

मग आम्ही यजमानाकडे वळलो. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो, आणि त्यात प्रोसेसर, मेमरी व डिस्क या तिघांवर किती भार आहे ते आलेखांनी दिसते. हे तीन आलेख आभासी यंत्र चालू असताना यजमानाच्या बाजूने पाहणे हीच या रोगाची खरी नाडीपरीक्षा होय. आमच्या संगणकात प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता. मेमरी काठोकाठ भरली होती, आणि डिस्क सतत शंभर टक्के व्यग्र होती. प्रोसेसर मंद नव्हताच. तो डिस्कची वाट पाहत बसला होता.

याचे मूळ होते आमच्या औदार्यात. यंत्र प्रथम मंद वाटले तेव्हा त्या विद्यार्थ्याने, आमच्याच सांगण्यावरून, पाहुण्याची मेमरी १ जीबीवरून ४ जीबी केली होती. ‘जास्त दे म्हणजे पळेल’ हा विचार कोणासही सुचावा असाच आहे. परंतु आमच्या संगणकात एकंदर मेमरीच ८ जीबी. विंडोज ११ ची स्वतःची किमान गरजच ४ जीबीची. शिवाय ब्राउझर उघडा, व्हायरसपासून संरक्षण करणारे सॉफ्टवेअर चालू. चवथीला आलेल्या सोयऱ्यांस यजमानाने ओटी, माजघर, स्वयंपाकघर सारे देऊन टाकावे आणि आपण गोठ्यात जाऊन राहावे, तर त्या सोयऱ्यांस जेवण कोण रांधून घालणार? आभासी यंत्रातही तसेच आहे. पाहुण्याची डिस्क वाचणे, पडद्यावर अक्षर उमटविणे, कळ दाबल्याची वर्दी देणे ही प्रत्येक गोष्ट अखेर यजमानच करीत असतो. तो गुदमरला की पाहुण्यास दिलेले ऐश्वर्य व्यर्थ होय.

गुदमरणे म्हणजे काय, हे थोडे आकड्यांत पाहू. मेमरी पुरेनाशी झाली की यजमान तिच्यातील काही भाग उचलून हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. मेमरीतून एखादी गोष्ट आणावयास साधारण एका सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतका वेळ लागतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून आणावयास साधारण एका सेकंदाचा शंभरावा भाग. म्हणजे अंतर एक लाख पटींचे. मेमरीचे काम एका सेकंदाचे धरले तर डिस्कचे तेच काम एक दिवस आणि जवळजवळ चार तासांचे होते. अशा फेऱ्या वाढत गेल्या की एक वेळ अशी येते की संगणक नुसते सामान हलवीत राहतो, काम असे काही करीतच नाही. या अवस्थेचा शास्त्रशुद्ध अभ्यास पीटर डेनिंग या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ सालीच प्रसिद्ध केला होता. इंग्रजीत तिला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. मळणीत धान्य निघते; या मळणीत नुसता भुसा निघतो.

आता एक्सपीस खरोखर किती मेमरी हवी? २००१ साली ते बाजारात आले तेव्हा त्यास १२८ एमबी असावी अशी शिफारस होती. १ जीबी म्हणजे त्याच्या आठपट. आम्ही पाहुण्याची मेमरी ४ जीबीवरून पुन्हा १ जीबीवर आणली आणि यजमानावरील ब्राउझर बंद केला. तेच पान १ मिनिट ३५ सेकंदांत उघडले. काढून घेतल्याने वेग वाढतो, हे त्या दिवशी मुलांनी तर पाहिलेच. पण आम्हीही प्रथमच पाहिले.

प्रोसेसरचेही तेच. आमच्या प्रोसेसरात चार गाभे, आणि आम्ही चारही पाहुण्यास देऊन ठेवले होते. जत्रेतील पालखी उचलावयास चौघे एकाच वेळी मोकळे असावे लागतात. तिघे येऊन चौथ्याची वाट पाहत उभे राहिले तर पालखी हलत नाही. आभासी प्रोसेसर अनेक असले की तेही अशा रीतीने एकमेकांसाठी अडून राहण्याचे प्रसंग येतात, आणि यजमानास स्वतःसाठी गाभा उरत नाही तो नाहीच. जुने अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर तर एकाच गाभ्यावर काम करणारे. एकच ठेवला, १ मिनिट २० सेकंद. मोठा लाभ नव्हे, पण तोटा मुळीच नाही.

यानंतर डिस्क. पाहुण्यास जी हार्ड डिस्क वाटते ती यजमानाच्या दृष्टीने एक भली मोठी फाईल असते. आमची ती फाईल होती पेन ड्राइव्हवर! त्या विद्यार्थ्यास घरीही काम करता यावे म्हणून त्याने ती तेथे ठेविली होती. हेतू स्तुत्य, परिणाम वाईट. पेन ड्राइव्ह हा सामान एकगठ्ठा नेण्याआणण्यासाठी असतो. चालू विंडोज मात्र क्षणोक्षणी लहान लहान नोंदी डिस्कवर ठिकठिकाणी लिहिते, आणि या कामात सामान्य पेन ड्राइव्ह साध्या हार्ड डिस्कपेक्षाही मागे पडतो. हार्ड डिस्कही काही फार चपळ नव्हे. मिनिटास ७,२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्यास सेकंदाचा १२० वा भाग घेते, त्यात सुई योग्य जागी सरकण्याचा वेळ मिळविला तर सेकंदास शंभराच्या आसपासच अशी फुटकळ कामे होतात. एसएसडी या फिरत्या भागांविना चालणाऱ्या डिस्कवर तीच हजारोंनी होतात. शाळेने वा पालकांनी जुन्या संगणकावर काही खर्च करावयाचाच असेल तर तो आधी यावर करावा, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. आमच्याजवळ त्या वेळी पैसे नव्हते. म्हणून फाईल संगणकाच्या आतल्या हार्ड डिस्कवर हलवावयाची ठरली.

येथे आमच्या हातून घडता घडता राहिलेला अनर्थ सांगितला पाहिजे. आतल्या डिस्कवर जागा अपुरी होती. आभासी यंत्राच्या फोल्डरमध्ये आम्हांस लांबलचक विचित्र नावांच्या नऊ-दहा मोठ्या फायली दिसल्या. काहींच्या तारखा दोन महिन्यांपूर्वीच्या. आम्ही त्या जुन्या व निरुपयोगी समजून पुसावयास निघालो. तोच तो विद्यार्थी “सर, थांबा!” असे जवळजवळ ओरडलाच. त्या फायली ‘स्नॅपशॉट’ होत्या. दर शनिवारी काम संपल्यावर यंत्राची त्या क्षणाची स्थिती तो जपून ठेवीत असे. स्नॅपशॉट म्हणजे संपूर्ण प्रत नव्हे. मूळ फाईल तशीच गोठविली जाते आणि त्यानंतरचे बदल तेवढे नव्या फाईलीत लिहिले जातात. पुढचा स्नॅपशॉट घेतला की त्यावर आणखी एक थर. खालची एक फाईल काढली तर वरच्या साऱ्या निराधार होतात. मुलांनी दोन महिन्यांत उतरविलेली शंभराहून अधिक पाने त्या थरांत होती, आणि ती आम्ही अन्यत्र कोठेही काढून ठेविली नव्हती. दोन सीडींपैकी एक तर तोवर कोणत्याही संगणकात वाचली जाईनाशी झाली होती. तिच्यावरचा मजकूर उरला होता तो त्या यंत्रातच.

हे थर वेगाच्याही आड येतात, कारण एखादी जुनी नोंद वाचावयाची तर ती कोणत्या थरात आहे ते वरून खाली शोधीत जावे लागते. परंतु ते हाताने पुसावयाचे नसतात. आभासी यंत्र बंद करून, त्याच्या व्यवस्थापक खिडकीतूनच स्नॅपशॉट काढण्याची आज्ञा द्यावी. मग ते सॉफ्टवेअर बदल एकमेकांत मिसळून थर कमी करते. त्यास वेळ लागतो, मध्यंतरी थोडी अधिक जागाही लागते, आणि मध्येच वीज जाऊन चालत नाही. आम्ही प्रथम उतरविलेली सारी पाने व त्या सीडीवरचा मजकूर दोन वेगळ्या ठिकाणी काढून ठेविला, मग हे काम केले, मग फाईल हलविली. ३८ सेकंद.

किरकोळ गोष्टी आता भरभर सांगतो. व्हायरस तपासणारे सॉफ्टवेअर पाहुण्याच्या त्या प्रचंड फाईलीस प्रत्येक बदलागणिक हात लावीत असेल तर तेवढ्या फोल्डरपुरती त्यास सूट देता येते. पाहुण्याच्या आत बसवावयाचे एक पूरक सॉफ्टवेअर असते; ते नसले तर माऊस अडखळतो आणि पडदा तुकड्यातुकड्यांनी रंगतो. लॅपटॉप वीज वाचविण्याच्या रीतीवर ठेवला असेल, किंवा पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापत असेल, तर प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. आमच्या दमट हवेत पंख्यावरची धूळ लेपासारखी बसते. ती मऊ ब्रशाने, संगणक बंद करून काढावी.

एवढे होऊनही काहीतरी जडपणा उरलाच होता. एके दिवशी आठवीतील एका मुलीने विचारले, “सर, खाली कोपऱ्यात हे हिरवे कासव कशाला काढले आहे?” आम्ही ते चित्र तीन महिने पाहत होतो आणि शोभेचे समजत होतो. आम्ही वापरतो त्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये हे कासव खूण म्हणूनच ठेवलेले आहे. प्रोसेसरमधील जी सोय वर सांगितली ती या सॉफ्टवेअरने थेट हाती घ्यावी अशी अपेक्षा असते. परंतु विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचे एक संरक्षण चालू असले की ती सोय विंडोजने आधीच आपल्या ताब्यात घेतलेली असते. मग आभासी यंत्रास विंडोजच्या मार्फत, वळसा घालून जावे लागते, आणि तसे होत असल्याचे ते कासव सांगते. ज्या संगणकांत ही सोय सुरुवातीच्या मांडणीतच बंद ठेवलेली असते, तेथे तर २०१९ मधील ६.१ आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्स यंत्र चालूच करीत नाही. निदान तेथे दोष लपून तरी राहत नाही.

आम्ही ते संरक्षण बंद केले, संगणक पुन्हा सुरू केला आणि कासव गेले. पान ११ सेकंदांत उघडले. परंतु हा उपाय आम्ही सरसकट सुचवीत नाही. ते संरक्षण संपूर्ण संगणकाच्या सुरक्षिततेसाठी असते. आमचा तो संगणक इंटरनेटला जोडलेला नाही, आणि पाहुण्याच्या आतले नेटवर्कही आम्ही तोडून ठेविले आहे. कारण एक्सपीस सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळणे ८ एप्रिल २०१४ पासून थांबले आहे. घरच्या संगणकावर, ज्यावरून वडील बँकेचे व्यवहार करतात, त्यावर कासव दिसले तर ते खुशाल राहू द्यावे.

चार मिनिटांचे अकरा सेकंद झाल्यावर गळालेली मुले परत आली. जानेवारीअखेर सातशे बारा पाने युनिकोडमध्ये उतरवून झाली, आणि मानशींविषयीचे तीन लेख याच अंकात अन्यत्र दिले आहेत. २००७ च्या अंकातील एक्केचाळीस व बेचाळीस ही पाने मात्र दोन्ही सीडींवर मुळातच नाहीत. बांध फुटल्याची हकिगत त्या पानांवर पुरी होत होती. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी तो अंक जपून ठेवलेला असेल, त्यांनी तो चार दिवसांकरिता शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावा. पाने उतरवून तो परत केला जाईल.